मेनूतली बदाम सत्ती

आमच्या घरात संगणकाचं काही बिघडलं की ते मी दुरुस्त करतो आणि काही बिघडलं नसेल तर ते आधी बिघडवतो, असं आमच्या सौ.चं ठाम मत आहे. मंडळाच्या कोजागिरीला, दिवाळीला, संधी मिळेल तिथे ती हे चारचौघांत सांगते. लोक हसतात, मीही हसतो. गेल्या हिवाळ्यात मात्र हसण्यावारी नेता येऊ नये असा एक प्रकार माझ्या हातून घडला. तो इथे लिहून काढतोय, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे आई-वडील सहा-सहा महिने राहायला येतात आणि आपण सगळे सकाळी साडेसातला गाडी काढून पसार होतो.

२०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस आई आमच्याकडे मिशिगनला आली. बाबा २०२४ च्या मे महिन्यात गेले. त्यानंतरची ही तिची पहिलीच फेरी, आणि एकटीनं केलेला पहिलाच विमानप्रवास. वय चौऱ्याहत्तर. सावंतवाडीला प्राथमिक शाळेत पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली. इंग्रजी अक्षरं वाचते, पण एकेक करून, पहिलीतल्या मुलाला वाचायला लावावं तशी. येताना बॅगेत मेतकूट, कुळथाचं पीठ, सोलं आणि एक जुना पत्त्यांचा कॅट.

त्या कॅटविषयी थोडं सांगायला हवं. सावंतवाडीला आमच्या घरी रात्री जेवणं झाली की आई, बाबा आणि शेजारचं जोडपं असा चौघांचा ‘बदाम सात’चा डाव बसायचा. वर्षानुवर्षं. ज्याच्याकडे बदाम सत्ती येईल त्यानं ती खाली टाकून डाव सुरू करायचा, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहेच. कुठल्याशा गणपतीत नेमकी तीच सत्ती हरवली. नवा कॅट आणावा तर बाबांच्या मते एका पानासाठी एकावन्न पानं टाकून देणं हा उधळेपणा. त्यांनी एका लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा मापात कापला, लाल बॉलपेननं सात बदाम काढले आणि दोन कोपऱ्यांत मराठी ७ घातला. खालच्या कोपऱ्यातला उलटा, अगदी नियमानुसार. फक्त एक अडचण झाली. मागच्या बाजूला ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ची छपाई तशीच राहिली. त्यामुळे पानं वाटता वाटताच सत्ती कुणाकडे गेली हे चौघांनाही दिसायचं. तरी प्रत्येक वेळी बाबा गंभीरपणे विचारायचे, “बदाम सत्ती कोणाकडे?”

तर आता लॅपटॉपकडे येतो.

आई २०१६ आणि २०१९ साली आली होती तेव्हा दुपारचा वेळ घालवायला मी तिला माझ्या जुन्या लॅपटॉपवर ‘स्पायडर’ शिकवला होता. दोन कॅट, एकशे चार पानं, दहा रांगा. तिला तो भलताच आवडला. खेळाच्या चित्रात कोळी होता म्हणून तिनं त्याचं नाव ठेवलं ‘कोळी’. “जरा कोळी लावून दे रे.” तिच्या वहीत तेव्हाचे धडेही लिहिलेले आहेत: १. गोल बटण दाबणे. २. थांबणे. ३. कोळ्यावर दोनदा टिचकी. शिक्षिकाच ती.

यंदा ती यायच्या दोन आठवडे आधी, १४ ऑक्टोबर २०२५ ला, विंडोज-१० चा नियमित पाठिंबा संपला. माझा लॅपटॉप २०१५ सालचा. विंडोज-११ ला जो प्रोसेसर आणि जी सुरक्षा-चिप लागते त्यातलं त्याच्याकडे काही नाही. मशीन तर ठणठणीत. एका पानासाठी एकावन्न पानं टाकणं हा उधळेपणा हे माझ्यातही उतरलेलं असणार. मी त्यावर लिनक्स मिंट बसवलं. लिनक्स मला नवं नाही. २००३ साली एम.एस.ला आलो तेव्हा आमच्या लॅबमधल्या सगळ्या मशीनवर रेड हॅट होतं आणि रात्र रात्र त्या काळ्या खिडकीसमोर काढलेली आहे. काळी खिडकी म्हणजे टर्मिनल, जिथे चित्रं-बित्रं काही नसतात, आज्ञा टाइप करायची आणि एंटर दाबायचं.

आईसाठी पत्त्यांचा एक खेळ शोधला, ‘पायसोल’ नावाचा. एकट्यानं खेळायचे हजाराहून अधिक डाव त्यात आहेत आणि स्पायडरही आहे. आता हा खेळ मिंटच्या भांडारातून एका टिचकीत बसवता येतो. तसा बसवला की मेनूत त्याचं चित्र आपोआप येतं. पण तसं केलं तर इंजिनिअर कसला? मला अगदी ताजी आवृत्ती हवी होती. मी मूळ सोर्सची झिप उतरवली, घरच्या फोल्डरमध्ये उलगडली, टर्मिनल उघडून आज्ञा दिली आणि खेळ पडद्यावर आला. झालं काम! रोज सकाळी निघताना मी आईला खेळ लावून द्यायचो आणि सांगायचो, “फक्त बंद करू नकोस.”

हे वाक्य आज लिहितानाही कसंसंच होतं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला आपण खेळायला काहीतरी देतो आणि ‘बंद करू नकोस’ म्हणून बजावून जातो.

दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यातल्या फुलीवर तिचं बोट पडलं आणि खेळ बंद झाला. मेनूत त्याचं नाव नाही, पडद्यावर चित्र नाही. तिच्या दृष्टीनं तो त्या मशीनमध्ये उरलाच नव्हता. संध्याकाळी मी विचारलं, “काय, कोळी काय म्हणतो?” ती म्हणाली, “आज डोळे दुखत होते.” पुढेही रोज डोळे, कधी मान. मला वाटलं, वय झालं. नोव्हेंबरात इथे पाचलाच अंधार पडतो, बाहेर जाता येत नाही, फोन करावा तर तिकडे मध्यरात्र. ती स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून समोरच्या ड्राइव्हवेत येणाऱ्या कुरिअरच्या गाड्या मोजायची. त्यांची नोंदही वहीत आहे.

मग एका शुक्रवारी रात्री भांडी लावता लावता ही म्हणाली, “आईंनी विचारलंय, तिकीट एप्रिलचं आहे ते जानेवारीचं करून मिळेल का. तुला सांगू नको म्हणाल्या.” मी काही बोलायच्या आत तेरा वर्षांची आमची लेक वर न बघता म्हणाली, “बाबा, आजीचा गेम तीन आठवडे बंद आहे. आजीला तो सापडत नाही. तुला माहीत नाही?”

आईची वही टेबलावर होती. दुसऱ्याची वही वाचू नये हे मला त्याच बाईनं शिकवलं आहे. तरी वाचली. ‘कोळी बंद. परत कसा लावायचा ते विचारू नये, तो दमून येतो.’

शनिवारी सकाळी चहा घेऊन बसलो. तेव्हा जे केलं ते जरा तपशिलात सांगतो. ज्यांना यात रस नसेल त्यांनी दोन-तीन परिच्छेद ओलांडून पुढे जावं, पण मला वाटतं कुणाच्यातरी उपयोगी पडेल.

लिनक्सच्या मेनूत जी नावं आणि चित्रं दिसतात त्या प्रत्येकामागे एक छोटीशी साधी मजकुराची फाइल असते. तिच्या नावाच्या शेवटी ‘डॉट डेस्कटॉप’ लावलेलं असतं. यात गूढ काही नाही. शाळेच्या दाखल्यासारखा तो एक फॉर्म आहे. पहिल्या ओळीत चौकोनी कंसात ‘डेस्कटॉप एंट्री’ एवढं लिहायचं. मग एकेका ओळीत एकेक गोष्ट. ‘टाइप’ म्हणजे प्रकार, इथे ‘अॅप्लिकेशन’. ‘नेम’ म्हणजे मेनूत दिसायचं नाव. ‘एक्झेक’ म्हणजे टिचकी मारल्यावर कुठली आज्ञा चालवायची. ‘आयकॉन’ म्हणजे चित्र कुठे आहे. ‘टर्मिनल’पुढे ‘फॉल्स’ लिहिलं की काळी खिडकी उघडत नाही. ‘कॅटेगरीज’मध्ये ‘गेम’ आणि ‘कार्डगेम’ लिहिलं, प्रत्येकापुढे अर्धविराम दिला, की खेळ आपोआप खेळांच्या खणात जाऊन बसतो. सगळ्या मशीनसाठी असलेल्या अशा फाइली ‘यूएसआर’मधल्या ‘शेअर’मधल्या ‘अॅप्लिकेशन्स’मध्ये असतात. स्वतःपुरत्या असतील तर आपल्या घरच्या फोल्डरात ‘डॉट लोकल’, त्यात ‘शेअर’, त्यात ‘अॅप्लिकेशन्स’. नावाआधी टिंब असलं की ते फोल्डर एरवी दिसत नाही, पण कंट्रोल आणि एच एकदम दाबलं की प्रकट होतं.

हा फॉर्म सगळीकडे एकच असण्यामागेही एक इतिहास आहे. लिनक्सवर केडीई १९९६ साली सुरू झालं आणि नोम १९९७ साली. दोघांचीही आपापली चूल, आपापला मेनू. एकात बसवलेला प्रोग्रॅम दुसऱ्यात दिसायची मारामार. आपल्या मंडळींना दोन मंडळं असली की काय होतं ते मी नव्यानं सांगायला नको! मग २००० साली हॅवॉक पेनिंग्टन यांनी ‘फ्रीडेस्कटॉप’ हा उपक्रम सुरू केला. दोन्ही घरांनी निदान दारावरची पाटी तरी एकाच पद्धतीनं लिहावी, असा त्यामागचा विचार. दोन्ही घरं अजून वेगळीच आहेत, पण पाटी एक झाली. त्यामुळे मी मिंटवर लिहिलेली फाइल दुसऱ्या कुठल्याही लिनक्सवर नेली तरी तिचा अर्थ तोच लागतो.

मी झपाझप आठ ओळी लिहिल्या, फाइल जागेवर ठेवली, मेनू उघडला. खेळांच्या खणात नाव आलं! आईला हाक मारणार होतो, पण आधी स्वतः टिचकी मारून पाहिली म्हणून वाचलो. काहीच झालं नाही. चूकसुद्धा दाखवली नाही. नुसती शांतता. पुन्हा मारली. शांतता. तीच आज्ञा काळ्या खिडकीत दिली तर खेळ सुरू. चाळीस मिनिटं गेली. ही वरून ओरडली, “अहो, राइट क्लिक केलं की ‘नवीन लाँचर बनवा’ असं येतं ना?” येतं. मला माहीत होतं. पण हातानं लिहिलेल्या फाइलीची सर त्याला नाही, असं मी तिला तत्त्व म्हणून सांगितलं.

शेवटी ‘डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट’ नावाचं एक तपासनीस साधन आहे त्याला फाइल दाखवली. त्यानं एका ओळीत चूक काढून दिली. टर्मिनलमध्ये आपल्या घरच्या फोल्डरला लांबलचक पत्त्याऐवजी एक नागमोडी रेघ काढली तरी चालते. टर्मिनलला ती रेघ कळते. मेनूला ती कळत नाही. त्याला पूर्ण पत्ता लागतो, अगदी ‘होम’पासून. मी सवयीनं नागमोडी रेघ काढली होती. ज्याला मी ओळखतो त्याला माझी खूण पुरते, पण परक्याला पुरा पत्ता द्यायला हवा. पत्ता पुरा केला, टिचकी मारली, दहा रांगा पडद्यावर हजर. त्याच आज्ञेत ‘गेम’ म्हणून स्पायडरचं नाव जोडलं, म्हणजे हजार डावांच्या यादीतून आईला शोधत बसायला नको. थेट कोळीच.

‘नेम’पुढे मी ‘कोळी’ लिहिलं, देवनागरीत. ही फाइल युनिकोडमध्ये असते, त्यामुळे त्याला काही आडकाठी नाही. वाटलं तर इंग्रजी नाव ठेवून खाली ‘नेम’पुढे चौकोनी कंसात मराठीची दोन अक्षरी खूण घालून मराठी नावही देता येतं, मशीनची भाषा मराठी असली की ते दिसतं. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. आणि मी या देशात वीस-बावीस वर्षं संगणकाशी झटतोय, पण मेनूत मराठी शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा लिहिला. गरजच पडली नव्हती.

राहिलं चित्र.

पायसोलचं स्वतःचं चित्र होतं, पण ते आईच्या ओळखीचं नव्हतं. इंटरनेटवरून एखादा कोळी उतरवावा म्हटलं तर सगळे कोळी केसाळ आणि भीतिदायक. चित्रावर टिचकी मारून काम उघडायची पद्धत बाजारात आली ती झेरॉक्सच्या ‘स्टार’ नावाच्या संगणकातून, १९८१ साली. मग १९८४ साली मॅकिंटॉशवर सुझन केअर यांनी ती छोटी छोटी चित्रं काढली. पुढे १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर जो सॉलिटेअर आला त्याचे पत्तेही त्यांनीच काढलेले. इवल्याशा चौकटीत माणसाला क्षणात ओळखता येईल असं काढायचं, हे सोपं काम नाही. मी दोन-चार पत्त्यांची चित्रं घालून पाहिली. अठ्ठेचाळीस पिक्सेलमध्ये बदाम राणी म्हणजे नुसता तांबडा डाग दिसत होता.

आई बाजूला कधी येऊन बसली ते कळलं नाही. म्हणाली, “काय शोधतोयस एवढं?” म्हटलं, “तुझ्या कोळ्याला चित्र हवंय. तुला लांबून ओळखता येईल असं.” ती उठली, खोलीत गेली, आणि कॅट घेऊन आली. सगळी पानं टेबलावर पसरली नाहीत तिनं. पाठ बघूनच नेमकं पान काढलं, ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’. “ही घाल.”

मी फोननं त्या सत्तीचा फोटो काढला. गिंपमध्ये चौकोनात कापला, जरा उजळ केला. सात बदाम मावत नव्हते म्हणून वरचा कोपराच घेतला: बाबांच्या हातचा मराठी ७ आणि त्याखाली एक बदाम. लाल बॉलपेन पंधरा-एक वर्षांत फिका झाला होता, पण सात ठळक होता. बाबांचा सात खाली जरा लांब शेपटीचा. रेशनकार्डावर, दुधाच्या हिशेबाच्या वहीत, माझ्या प्रगतिपुस्तकावरच्या सहीखालच्या तारखेत, सगळीकडे तसाच. तो फोटो उतरवला होता डाउनलोड्स फोल्डरमध्ये. ‘नंतर नीट जागी हलवू’ म्हणून मी त्याचाच पत्ता ‘आयकॉन’च्या ओळीत लिहून टाकला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मग फाइलीची एक प्रत डेस्कटॉपवर टाकली, तिला चालवायची परवानगी दिली, आणि पडद्याच्या मधोमध सत्ती आली. खाली नाव: कोळी.

आई काही बोलली नाही. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग दोनदा टिचकी मारली. पानं वाटली गेल्याचा आवाज झाला तेव्हा म्हणाली, “आता बंद केला तरी चालेल ना?”

“कितीही वेळा,” मी म्हटलं. तिनं खरंच बंद केला. आणि परत लावला. असं चार वेळा केलं. मग वही काढून नवीन धडा लिहिला, यावेळी फक्त एक कलम: ‘सत्तीवर टिचकी.’

त्या तपासात पायसोलच्या यादीत मला आणखी एक गोष्ट सापडली होती. त्यात दशावतारी गंजिफांचे डाव आहेत. आमच्या सावंतवाडीची गंजिफा! दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, एकूण एकशे वीस. मत्स्य, कूर्म, वराह... लहानपणी चितारआळीत लाकडी खेळण्यांच्या दुकानांतून फिरताना आणि राजवाड्यात त्या गोल, लाखेच्या चकाकीच्या पानांवर चित्रं काढणारे कारागीर मी पाहिलेले आहेत. पण ते पत्ते खेळायचे असतात हे डोक्यात कधी आलंच नव्हतं. मला ते भेटवस्तूंचं सामान वाटायचं. आता मिशिगनमध्ये, एका परदेशी खेळाच्या यादीत ते अवतार ओळीनं उभे! मी आईला अचंबित करायचं म्हणून दुसरी फाइल केली. आज्ञा तीच, खेळाचं नाव तेवढं वेगळं, आणि ‘नेम’पुढे ‘गंजिफा’. या वेळी पाच मिनिटांत झाली.

आईनं उघडून पाहिलं. चित्रं पाहून खूश झाली. लेकीला एकेक अवतार दाखवला. मग सांगायला लागली की तिच्या आजोळी म्हातारी माणसं हा डाव खेळायची. दिवसा खेळायला बसलं की रामाच्या पानाची उतारी आधी आणि दिवेलागणीनंतर कृष्णाची. मी पंचेचाळीस वर्षांचा झालो, सावंतवाडीत वाढलो, आणि हे मला त्या दिवशी कळलं. लेकीनं विचारलं, “मग इथे आता राम का कृष्ण?” बाहेर काळोख होता. आई म्हणाली, “कृष्ण.”

तिनं दोन-तीन वेळा तो डाव खेळून पाहिला. मग बंद केला आणि म्हणाली, “पानं छान आहेत. पण गंजिफा एकट्यानं खेळायचा खेळ नाही रे. तिघं तरी लागतात.”

माझा जरा विरस झाला. पण बोलली ते खरंच होतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं पत्ते घेतले होते, खेळ नव्हता घेतला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्यानं एकट्यानं खेळायचे डाव बनवायला घेतले होते आणि तेच बनवले. ती दुसरी फाइल मी काढून टाकली नाही. मेनूत पडून राहिली.

त्या रात्री जेवणानंतर आईनं कॅट पिसला. लेक, ही, मी आणि आई. चौघं झालो. पानं वाटताना सत्ती लेकीकडे गेली हे मला लांबूनच दिसलं, कारण लग्नपत्रिकेची पाठ. आई मात्र सगळ्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाली, “बदाम सत्ती कोणाकडे?”

तिकिटाचा विषय परत निघाला नाही. मी सगळं श्रेय त्या आठ ओळींच्या फाइलीला देणार नाही. डिसेंबरात सुट्ट्या लागल्या, मुलगी घरी होती, बर्फ पडला तो आईला पाहायला आवडला. पण दुपारी फोन केला की मागे पानं सरकल्याचा आवाज यायचा आणि आई म्हणायची, “थांब, एवढी रांग लावून घेते.” कुरिअरच्या गाड्यांच्या नोंदी वहीत नोव्हेंबरातच थांबलेल्या दिसतात.

एप्रिलमध्ये ती परत गेली. लॅपटॉप तिच्याबरोबर दिला. मला त्याचा उपयोग नव्हता. पंधरा दिवसांनी सावंतवाडीहून सकाळी सकाळी फोन. आवाज पडलेला. “अरे, माझी सत्ती गेली.”

मला आधी वाटलं खरी सत्ती हरवली. तसं नव्हतं. शेजारच्या कॉलेजातल्या मुलीनं मशीन हळू चालतंय म्हणून मदत करायला डाउनलोड्स फोल्डर रिकामं करून दिलं होतं. त्या बिचारीची काय चूक? डाउनलोड्स हे रिकामं करण्यासाठीच असतं. फोटो गेला, ‘आयकॉन’च्या ओळीतला पत्ता ओसाड पडला, आणि सत्तीच्या जागी एक करड्या रंगाचं अनोळखी चित्र आलं. खेळ तिथेच होता, नावही ‘कोळी’च होतं. टिचकी मारली तर उघडतही होता. पण आईनं मारून पाहिली नव्हती. चित्र दुसरं, म्हणजे ते आपलं नाही.

माझ्या फोनमधून तो फोटो मी केव्हाच काढून टाकला होता. मी ततपप करायला लागलो. आई म्हणाली, “घाबरतोस काय एवढा? सत्ती माझ्याजवळच आहे की. परत काढू फोटो?”

आईनं पान हातात धरलं, त्या मुलीनं फोटो काढला. व्हिडिओ कॉलवर मी एकेक पायरी सांगत गेलो. या वेळी चित्र ‘डॉट लोकल’, ‘शेअर’, ‘आयकॉन्स’ या फोल्डरात ठेवलं, जिथे सहसा कुणी साफसफाईला जात नाही, आणि त्या ओळीत त्याचा पुरा पत्ता घातला. नागमोडी रेघ न काढता. मुलगी चलाख, माझ्यापेक्षा लवकर झालं तिचं.

मग तिनं मला पडद्याचा फोटो पाठवला. मधोमध सत्ती, शेपटीचा सात, आणि चौकटीच्या कडेला आईच्या अंगठ्याचं टोक. पान धरलं होतं ना तिनं. मी म्हणणार होतो, एवढा कोपरा कापून टाक. मागून आईचा आवाज आला, “झालं का? मग जरा सरक बघू, मला बसू दे.”